‘जरा सरका’ हे गाणं पंक आहे का?

पत्र थोडक्यात असं :

डोंबिवलीची २४ वर्षांची मुलगी. चौघांच्या पंक (बंडखोर रॉक संगीताचा एक प्रकार) बँडमध्ये गाते आणि बेस गिटार वाजवते. बँड कॉलेजात सुरू झाला, त्याला आता चार वर्षं होतील. नोकरी ऐरोलीत, आयटी कंपनीत. आईवडील दोघंही बँकेतून निवृत्त झालेले. लहानपणी ती सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकली, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, पण बँडच्या वर्तुळात हे सांगणं टाळते. बँडची आजवरची गाणी इंग्रजीत, वेगवान, दोन-दोन मिनिटांची. सहा महिन्यांपूर्वी तिने लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटवर मराठीत एक गाणं केलं. नाव ‘जरा सरका’. सुरुवात संथ, मध्ये आलापासारखा मोठा तुकडा, शेवटी नुसता गोंगाट.

बँडचा गिटारवादक तिचा सगळ्यात जुना मित्र. उल्हासनगरचा, वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करणारा. पंधराव्या वर्षापासून फोनवर एकेक गाणं शोधून त्याने हे संगीत गोळा केलं आणि तिला पहिले कॉर्ड त्यानेच शिकवले. नवं गाणं ऐकल्यावर तो म्हणाला, “हे पंक नाही, इंडी पॉप आहे.” पुढे एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर आयोजकाने बँडच्या नावाखाली ‘पॉप-पंक’ छापलं, तेव्हा त्याने आदल्या रात्री यायला नकार दिला. ऐनवेळी दुसरा गिटारवादक घेऊन कार्यक्रम झाला. लोकांना आवडला. नंतर एक ज्येष्ठ वादक येऊन म्हणाला, “छान होतं, पण पंक नव्हतं.” दोन दिवसांनी मित्राचा मेसेज आला : “तुला हे सगळं हौस म्हणून आहे.”

तिचे प्रश्न तीन. माझं गाणं पंक आहे की नाही? सुखवस्तू घरातल्या मला हा शब्द वापरायचा हक्क आहे का? आणि मी बँड सोडावा का?

*

तू ‘ताई’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते.

पत्रासोबत तू जॅमरूममधलं फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग पाठवलंस, ते मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकताना मला डोंबिवलीच्या सकाळची धक्काबुक्की दिसली आणि तिघींच्या बाकावर चौथी होऊन, अर्धीमुर्धी टेकून केलेला प्रवास कमरेला आठवला. मधला आलापाचा तुकडा मला थोडा लांबला असं वाटलं. शेवट फार आवडला. ही माझी, एका श्रोतीची आवड. तुझ्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात नाही, पण आधी सांगून टाकलेलं बरं.

आता पहिला प्रश्न. पंक म्हणजे ठरलेला एक आवाज, त्याचं माप कुणीतरी घेऊन ठेवलेलं, आणि आपलं गाणं त्या मापात बसतं का एवढंच बघायचं, असं तू धरून चालली आहेस. तुझा मित्रही तेच धरून चाललाय. तुमचं भांडण फक्त माप कुठे संपतं याचं आहे. पण हे माप शोधत अगदी उगमापाशी गेलं, तर तिथे ते सापडत नाही.

न्यूयॉर्कच्या बावरी या तेव्हाच्या बकाल भागात हिली क्रिस्टल नावाच्या माणसाने १९७३ च्या डिसेंबरात एक बार उघडला. नाव ठेवलं सीबीजीबी. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची ती आद्याक्षरं, कारण त्याला तिथे ते संगीत वाजवून हवं होतं. आले भलतेच. रमोन्स आले, त्यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमवर चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. त्याच मंचावर टेलिव्हिजन नावाचा बँड दोन गिटारींची लांबच लांब जुगलबंदी करायचा. त्यांच्या १९७७ च्या अल्बमचं शीर्षकगीत जवळपास दहा मिनिटं चालतं. पॅटी स्मिथ कविता म्हणता म्हणता गाण्यात शिरायची. टॉकिंग हेड्स होते, ब्लाँडी होता, ज्या ब्लाँडीचं पुढे सर्वांत गाजलेलं गाणं डिस्कोच्या ठेक्यावर होतं. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. या सगळ्यांना तेव्हा एकच शब्द लावला गेला.

आणि तो शब्द त्यांच्यापैकी कुणी शोधलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही अमेरिकी समीक्षक आधीच्या दशकातल्या गॅरेजात वाजवणाऱ्या पोरांच्या बँडना ‘पंक रॉक’ म्हणू लागले होते. त्यातले बरेचसे बँड तोवर मोडलेही होते. मग जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पंक’ याच नावाचं नियतकालिक निघालं आणि शब्द पक्का झाला. बोलीभाषेत त्याचा अर्थ मवाली, कुचकामी पोरगा. आज ज्या शब्दाच्या मालकीवरून तुमच्यात अबोला झालाय, तो मुळात लोकांनी दिलेली शिवी होती. लेबलं बहुधा अशीच येतात : उशिरा, आणि दुसऱ्याच्या हातून.

तू घराण्यांचे वाद जवळून ऐकले असशील. कुमार गंधर्वांनी घराण्याची चौकट मानली नाही. किशोरी आमोणकरांनी जयपूर-अत्रौलीची तालीम खुद्द आईकडून, मोगूबाई कुर्डीकरांकडून घेतली आणि तरीही त्या तालमीबाहेरचं पुष्कळ काही आपल्या गाण्यात आणलं. दोघांनाही बोल ऐकावे लागले. पण तिथे निदान तालीम कुणाकडे झाली, कोणता राग कसा मांडायचा, याची परंपरा सांगता येते. पंकमध्ये कुणी कुणाला गंडा बांधत नाही. त्यामुळे कार्यक्रमानंतर भेटलेल्या त्या ज्येष्ठ वादकाचं वाक्य तू एका जाणत्या श्रोत्याचं मत म्हणून ठेव. मुंबईत पंक वाजवणारे बँड मोजके आहेत. अशा लहान वर्तुळात एखाद्याचं मत चटकन निकालासारखं वाटायला लागतं, हे मी समजू शकते. पण निकाल द्यायचा अधिकार त्याच्याकडे आला कुठून? तू मंचावरून उतरल्यावर त्याने ‘छान होतं’ असंही म्हटलं होतं, आणि पत्रात तू ते दोन शब्द जेमतेम नोंदवून पुढे गेलीस.

दुसरा प्रश्न हक्काचा. त्यावर मला जरा जास्त थांबायचंय, कारण तो तुला आतून कुरतडतोय असं दिसतं.

तुझ्याच वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगते. जॉन मेलर, जन्म १९५२, अंकारा. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, त्यांचा स्वतःचा जन्म आपल्याकडे लखनऊचा. मुलगा बोर्डिंग शाळेत शिकला. १९७६ च्या वसंतात त्याच्या बँडच्या कार्यक्रमात सेक्स पिस्टल्स हा लंडनचा पंक बँड आधी वाजवून गेला, ते ऐकून त्याने आपला बरा चाललेला बँड सोडला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. जो स्ट्रमर हे नाव त्याने त्याआधीच घेतलं होतं, आता द क्लॅश हा बँड उभा राहिला. त्याचं बोर्डिंग स्कूल टीकाकारांनी वारंवार काढलं. जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएस या बड्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा ‘स्निफिन ग्लू’ या हाताने जुळवून झेरॉक्स काढलेल्या पत्रिकेच्या मार्क पेरीने म्हटलं, की पंक त्याच दिवशी मेलं. क्लॅशचा पहिला अल्बम तोवर आलाही नव्हता, तो एप्रिलमध्ये आला. त्यावर सहा मिनिटांचं एक रेगे, म्हणजे जमैकाच्या संथ ठेक्याचं, गाणं होतं, तिथल्याच ज्युनियर मर्विनचं. ते तिथे कसं पोचलं हे कळण्यासाठी लंडनच्या रॉक्सी क्लबात जायला हवं. तिथे डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचा, आईवडील जमैकाचे. पंकच्या तबकड्या तेव्हा हातावर मोजण्याएवढ्या निघाल्या होत्या, मग त्याने आपल्याजवळच्या रेगेच्या लावल्या. लंडनची पंक पोरं रात्रभर रेगेवर डोलत होती. ‘अस्सल’ लंडन पंकचा पाया खणत गेलं, की असं दुसऱ्याचं संगीत लागतं.

“क्लासिकल शिकलेली, तिला हे कसं जमणार,” असं कुणी म्हणेल या भीतीने तू मध्यमाच्या परीक्षा लपवतेस. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स ऐक. चौघं कृष्णवर्णीय तरुण, सुरुवात जॅझ फ्यूजनपासून, हात तयार झालेले. ती तयारी घेऊन ते पंककडे वळले आणि इतक्या वेगात वाजवू लागले, की त्या शहरातली पुढची पिढी त्यांच्याकडे बघून शिकली. आणि त्याच कार्यक्रमात मध्येच थांबून निवांत रेगे वाजवायचे. आपल्याला येतं ते येत नाही असं दाखवणं हे त्यांनी केलं नाही. तूही करू नकोस. त्या आलापाच्या जागी तू मुद्दाम आवाज खरखरीत केलायस, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तो तुकडा मला लांबल्यासारखा वाटला तो बहुधा म्हणूनच. तिथे तू स्वतः गात नाहीयेस.

“हिला कसला राग?” असंही तुझ्याबद्दल बोललं जातं, असं पत्राच्या शेवटी तू लिहिलंस. पॉली स्टायरीन लंडनच्या एक्स-रे स्पेक्समध्ये गायची. वडील सोमाली, दातांना तारा, बँडमध्ये चक्क सॅक्सोफोन. ती गायची प्लॅस्टिकवर, जाहिरातींवर, विकत घेण्याच्या हव्यासावर, आणि बाईने कसं असावं हे सांगणाऱ्यांवर. १९७९ मध्ये लंडनमध्येच एलियन कल्चर नावाचा बँड निघाला, तिघं पाकिस्तानी वंशाचे आणि एक गोरा. परक्या संस्कृतीच्या लोकांनी ब्रिटन बुडून जाईल अशी भीती मार्गारेट थॅचर यांनी १९७८ मध्ये बोलून दाखवली होती, तिला उत्तर म्हणून त्यांनी ते नाव घेतलं. ती पोरं घरातली एक रीत आणि बाहेरची दुसरी, यांत होणाऱ्या ओढाताणीवर गायली. आपल्या दारातला विषय घेतला, दुसऱ्याचा उसना राग आणला नाही. चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईचा विषय तुझ्या दारातला आहे. तो तुला कुणी शिकवलेला नाही.

म्हणून हक्काबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे. हा शब्द तू वापरू शकतेस. तसंच, नाही वापरलास तरी गाण्याचं काही बिघडत नाही.

पण इथे मला तुझ्या मित्राच्या बाजूनेही बोलायचंय, कारण ‘लेबलं म्हणजे मूर्खपणा, संगीत ते संगीत’ असं म्हणून त्याला उडवून लावणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं होईल. पंकने सीमा आखल्या त्या सगळ्याच पोकळ नव्हत्या. ऐंशीच्या सुमाराला कार्यक्रमांत नाझींचं स्वस्तिक लावून मारामाऱ्या करणारे घुसायला लागले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या बँडने १९८१ मध्ये त्या नाझी पोरांना नाव घेऊन ‘चालते व्हा’ सांगणारं गाणं काढलं. ही सीमाच होती आणि गरजेची होती. कॅलिफोर्नियात बर्कलीला गिलमन स्ट्रीटवर १९८६ च्या शेवटच्या रात्री एक जागा सुरू झाली, स्वयंसेवकांनी चालवलेली. वंशद्वेष नको, बायकांचा अपमान नको, समलिंगी लोकांचा द्वेष नको, दारू नको, मारामारी नको, हे तिथले नियम. म्हणून तिथे पंधरा वर्षांची मुलगीही निर्धास्त जाऊ शकायची. बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता येणार नाही, असाही एक नियम होता. ग्रीन डे या बँडचे वादक तिथेच वाढले, पण करार केल्यावर त्यांना ते दार बंद झालं. १९९४ च्या फेब्रुवारीत त्यांचा अल्बम आला आणि जगभर गेला.

त्याच वर्षी, मे महिन्यात, त्याच गिलमनमध्ये, डेड केनेडीजचा गायक जेलो बियाफ्रा याला काही जणांनी ‘सेलआउट’, म्हणजे विकला गेलेला, म्हणत मारलं. पायाला गंभीर इजा झाली. नाझींना हाकलणारं गाणं लिहिणारा हा माणूस, मारामारी नको असा नियम असलेल्या जागेत, ‘तू खरा नाहीस’ या कारणावरून मार खातो. हा प्रसंग मला अजून अस्वस्थ करतो. कसं वागायचं याची सीमा माणसांना सांभाळते. कोण अस्सल याची सीमा आखायला घेतली, की पहिल्यांदा आपलीच माणसं बाहेर पडतात.

ते वर्ष माझ्या लक्षात असण्याचं आणखी एक कारण आहे. मी तेव्हा मुंबईत मुलींच्या वसतिगृहात राहायचे. खोलीतली मुलगी सांगलीची. मामाने दुबईहून आणलेली ग्रीन डेची कॅसेट ती दिवसरात्र लावायची. मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी परदेशी मासिकं आणून वाचायचे, त्यात या बँडने स्वतःला विकल्याचं वाचलं होतं. मी तिला सांगितलं, “हे काही खरं पंक नाही.” ती काही बोलली नाही. त्यानंतर खोलीत ती कॅसेट वाजली नाही, ती हेडफोन लावून ऐकायची. त्या वर्षी ती दोन विषयांत नापास झाली होती आणि घरी सांगायची सोय नव्हती, हे मला नंतर, ती वसतिगृह सोडून गेल्यावर कळलं. त्या दिवसांत ती त्या गाण्यांना धरून होती. मला खरंखोटं ठरवण्यात आनंद मिळत होता, आणि समोर कोण बसलंय हे मी बघितलं नाही. याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून तुला विचारते, तुझ्या समोर कोण बसलंय?

तू लिहितेस, मित्र ‘जॉनरवरून’, म्हणजे संगीताच्या प्रकारावरून, भांडतो. मला पत्रात तसं दिसत नाही. “हे पंक नाही” हे त्याचं पहिलं वाक्य आहे, पण मनातलं वाक्य आहे “तुला हे सगळं हौस म्हणून आहे.” पंधरा वर्षांचा मुलगा एकट्याने काही शोधून काढतो. घरी, गल्लीत, गॅरेजमध्ये त्याचा अर्थ कळणारं कुणी नाही. मग तो ते एका मैत्रिणीला शिकवतो. चार वर्षांनी ती मैत्रीण त्याच्यापेक्षा बरी गाते, तिच्याकडे चांगला अ‍ॅम्प आहे, ती त्याला न येणाऱ्या गोष्टी गाण्यात आणते, आणि पोस्टरवर बँडचं नाव त्याने न निवडलेल्या शब्दाखाली येतं. तो त्या शब्दावर अडून बसला, कारण त्याच्याकडे अडून बसायला तेवढंच होतं असं मला वाटतं. मी चुकत असेन. त्याला विचारूनच कळेल.

पत्रात तू एक गोष्ट चांगली म्हणून सांगितलीस : जॅमरूमचं भाडं, ये-जा, रेकॉर्डिंगचा खर्च, सगळं चौघांत समान वाटतो. जरा थांबून बघ. ऐरोलीच्या पगारातून ते पैसे जातात तेव्हा तुला कळतही नसेल. त्याच्याकडे एका रविवारचे तीन तास म्हणजे गॅरेजचा बुडालेला दिवस आणि वर भाडं. समान वाटणीत सगळ्यांवर समान भार पडतो, असं होत नाही. ‘हौस’ हा शब्द त्याला कदाचित इथे सुचला असेल. पंकमध्ये पैशाचा विचार कमीपणाचा मानू नकोस. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने १९८७ पासून वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत घेतलं. त्यांच्या पंकपणाची सगळ्यात ठोस खूण माझ्या मते गिटारीत नव्हती, त्या पाच डॉलरांत होती.

आता बँड सोडायचा का. तीन-चार वाटा दिसतात. गाणं बाजूला ठेवून बँड वाचवायचा, ही वाट मला सगळ्यात वाईट वाटते. तू मनात त्याला दोष देत राहशील आणि दोन वर्षांनी तसाही बँड मोडेल. लगेच सोडून जायचं, हे घाईचं होईल, कारण मुख्य बोलणं अजून झालेलंच नाही. दुसऱ्या गिटारवादकाला कायम करायचं, हे उरलेल्या दोघांना सोयीचं वाटेल. पण ज्याने पहिले कॉर्ड शिकवले त्याला मेसेजवर निरोप देऊ नकोस.

एक वाट तुम्हा दोघांच्या नजरेतून सुटलेली दिसते. एक बँड, एक नाव, एक आवाज एवढ्यात सगळं मावलंच पाहिजे असं नाही. इयन मॅकायने वॉशिंग्टनमध्ये मायनर थ्रेट हा झंझावाती बँड केला, तो १९८३ मध्ये संपला. १९८५ च्या उन्हाळ्यात त्या शहरातल्या बऱ्याच जणांना हाणामारी करणाऱ्या गर्दीचा आणि ठरीव वेगाचा वीट आला, तेव्हा त्यांनी नव्या नावांनी संथ, सुरेल, मन उघडं करणारी गाणी केली. बाहेरच्यांनी त्यालाही एक लेबल चिकटवलं, ‘इमो’. त्या वादकांना ते मुळीच आवडलं नाही, आणि ते वाजवत राहिले. त्यानंतर मॅकायने फुगाझी उभा केला. सेक्स पिस्टल्स जानेवारी १९७८ मध्ये मोडला, त्याच वर्षी त्याचा गायक जॉन लायडनने पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला, ज्यात बेस पुढे आणि वेग मागे. तूही ‘जरा सरका’ आणि त्याच्यासारखी अजून दोन गाणी वेगळ्या नावाने करू शकतेस, आणि जुन्या बँडमध्ये वेगवान इंग्रजी गाणी वाजवत राहू शकतेस. वेगळं नाव म्हणजे घटस्फोट नाही. मात्र मूळ बँडचं नाव त्याने ठेवलं असेल, तर वेळ आलीच तर ते त्याच्याकडे राहू दे. त्यावर भांडू नकोस.

पण आधी भेट. जॅमरूममध्ये नको, तिथे घड्याळ चालू असतं आणि इतर दोघं ऐकत असतात. उल्हासनगरला जा, त्याच्या गॅरेजच्या वेळेनंतर. पोस्टरचा विषय तू काढू नकोस. त्याचा ‘हौस’ हा शब्द काढ आणि त्याला पूर्ण बोलू दे. आपली बाजू लगेच मांडायला गेलीस तर तो पुन्हा पंकच्या व्याख्येत जाऊन लपेल. खर्चाची वाटणी कमाईप्रमाणे करू, हा विषय तूच काढ, पण उपकार केल्यासारखा नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत नाही. आणि तू काय करतेस, कुठे शिकलीस, हे त्याच्यापासून तरी लपवणं थांबव. सात वर्षांचा रियाज जवळच्या मित्रालाही सांगायचा नाही, हे त्याच्या बाजूनं कसं दिसत असेल याचा विचार कर.

तालमीसाठी एक साधी युक्ती सांगते. ती मेटलवाल्यांना, रॅप करणाऱ्यांना, पारंपरिक लावणीत नवं काही करू बघणाऱ्यांनाही लागू पडेल, कारण ‘हे आपल्यातलं नाही’ हे वाक्य मला सगळीकडच्या पत्रांतून भेटतं. महिनाभर तालमीत प्रकाराचं नाव घ्यायचं नाही. काही खटकलं तर नेमकं सांगायचं : लय पडते, गिटार फार स्वच्छ वाजते, ओळ लांब आहे, ड्रमचा ठोका उशिरा येतो. ‘हे पंक नाही’ या वाक्यावर काहीच करता येत नाही, ‘दुसऱ्या कडव्यात गिटार दबते’ यावर लगेच करता येतं. मग ‘जरा सरका’ दोन प्रकारे वाजवून रेकॉर्ड करा, एकदा तुझ्या लयीत, एकदा त्याच्या, आणि आठ दिवस ऐकू नका. आठ दिवसांनी चौघं बसून ऐका. तोवर कोण कुणाच्या बाजूचं हे थोडं विसरलेलं असतं.

आणि पोस्टर. आयोजक रात्री बारा वाजता पोस्टर करत बसलेला असतो, त्याला रकाना भरायचा असतो. तो रिकामा ठेवलात तर तो मनाला येईल ते भरणार. बँडची दोन ओळींची ओळख तुम्हीच लिहून ठेवा आणि प्रत्येक आयोजकाला आधी पाठवा. त्यात प्रकारापेक्षा ऐकणाऱ्याला काय मिळेल ते लिहा : डोंबिवली-उल्हासनगरचे चौघं, वेगवान इंग्रजी गाणी, एक मराठी गाणं लोकलवर, आवाज मोठा. गाणी ऑनलाइन चढवताना प्रकार निवडावाच लागतो, तिथे खुशाल ‘पंक’ निवडा. पुस्तकाच्या दुकानात जसं कपाट असतं, तसा तो रकाना, शोधणाऱ्याला तुमच्यापर्यंत आणणारा. दोन ओळींचा मजकूर मात्र मित्राला लिहायला सांग. शब्दांबद्दल एवढी आस्था असलेला माणूस तो चांगला लिहील.

राहता राहिलं तुझं रेकॉर्डिंग. मी शेवट फार आवडला असं लिहिलं, त्याचं कारण त्या गोंगाटातली गिटार आहे. तू एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत जातेस आणि गिटार तुझ्या आवाजाला खालून ढकलत वर नेते. हे न आवडलेल्या गाण्यात कुणी असं वाजवत नाही. मग सगळं थांबतं, कुणीतरी खोकतं, आणि फोन बंद व्हायच्या आधी एका मुलाचा आवाज येतो : “परत घे ना एकदा.” तो आवाज कुणाचा हे तुला माहीत असेल. त्याचा असेल, तर उल्हासनगरला जाताना ते रेकॉर्डिंग सोबत ने.